कोरणी चित्रकाराच्या हाती
सोसाकु हांगा ही विसाव्या शतकात जपानमध्ये उभी राहिलेली मुद्राचित्रकारांची चळवळ. चित्र स्वतः रेखाटायचे, लाकडावर स्वतः कोरायचे आणि कागदावर स्वतःच छापायचे, हा तिचा दंडक. त्याआधी ही कामे वेगवेगळ्या माणसांची होती. होकुसाई किंवा हिरोशिगे यांच्या उकियो-ए, म्हणजे लाकडी ठशाने छापलेल्या चित्रांमागे भांडवल घालणारा प्रकाशक, रेखाटन करणारा चित्रकार, चेरीच्या फळीवर ते कोरणारा आणि रंग लावून छापणारा असे चौघे असत. चित्रकाराचे काम बहुधा रेखाटनापाशी संपे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्रण आणि यांत्रिक छपाईपुढे हा धंदा खचला, आणि लाकडी ठसा म्हणजे नक्कल काढायचे साधन, कला नव्हे, अशी समजूत रुजली.

ती मोडायला सुरुवात केली यामामोतो कानाए (१८८२–१९४६) यांनी. लहानपणीच ते लाकडावर कोरीवकाम करणाऱ्याकडे उमेदवारीला राहिले आणि पुढे तोक्योच्या कलाशाळेत शिकले. त्यामुळे कारागिराचा हात आणि चित्रकाराची नजर दोन्ही त्यांच्यापाशी होती. जुलै १९०४ मध्ये ‘म्योजो’ मासिकात त्यांचे ‘कोळी’ हे दोन रंगांतले चित्र छापून आले. चळवळीची सुरुवात याच चित्रापासून मानतात. १९०७ मध्ये त्यांनी मित्रांसह ‘होसुन’ हे मासिक काढले. त्यांच्या फ्रान्समधील मुक्कामानंतर, १९१८ मध्ये, सोसाकु हांगा चित्रकारांची संघटना स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिचे पहिले प्रदर्शन भरले. यामामोतो मात्र हळूहळू मुलांच्या मुक्त चित्रकलेकडे आणि नागानो प्रांतातील शेतकऱ्यांच्या हस्तकलेकडे वळले.

त्याच काळात शिन हांगा या दुसऱ्या प्रवाहाने जुनी श्रमविभागणी टिकवली. अजिंठा-वेरूळची चित्रे करणारे योशिदा हिरोशी स्वतःच प्रकाशक झाले, तरी कोरणारे आणि छापणारे कारागीर त्यांनी हाताशी ठेवले. शिन हांगा चित्रांना परदेशात गिऱ्हाईक होते. सोसाकु हांगावाल्यांना ते नव्हते, आणि सरकारी प्रदर्शनात मुद्राचित्रांना प्रवेश मिळायलाच १९२७ साल उजाडले.

त्यामुळे पोटासाठी प्रत्येकाला दुसरे काहीतरी करावे लागे. कावाकामी सुमिओ उत्सुनोमियाच्या शाळेत इंग्रजी शिकवत. शेतकरी कुटुंबातले आझेची उमेतारो सरकारी छापखान्यात नोकरी करत होते. त्यांनी पुढे डोंगरातल्या माणसांची चित्रे केली. साइतो कियोशी ओतारूमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवत. कलेसाठी संध्याकाळ आणि सुट्टी तेवढी उरे.

ओन्ची कोशिरो (१८९१–१९५५) यांची मिळकत पुस्तकांच्या सजावटीतून येई. १९१४ मध्ये तानाका क्योकिची आणि फुजिमोरी शिझुओ या मित्रांसह त्यांनी ‘त्सुकुहाए’ हे नियतकालिक सुरू केले. क्षयाने आजारी असलेले तानाका १९१५ मध्ये, विशीतच, वारले. त्याच वर्षीचे ओन्चींचे ‘प्रकाशमान वेळ’ हे चित्र जपानमधील पहिल्या अमूर्त चित्रांपैकी एक होय. पुढे ओन्चींनी लाकडाबरोबर पाने, दोरा, कापड, पुठ्ठा यांचेही ठसे घेतले. एका चित्राच्या ते मोजक्याच प्रती काढत, कारण छापणे हाही त्यांच्या लेखी निर्मितीचाच भाग होता. १९३९ पासून महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्यांच्या घरी मुद्राचित्रकार जमू लागले. युद्धकाळात कागद आणि रंग मिळेनासे झाले, तरी या मंडळाने १९४४ मध्ये आपल्या चित्रांचा पहिला संग्रह काढला.

काळ्या-पांढऱ्या चित्रांचे उस्ताद हिरात्सुका उनइची (१८९५–१९९७) हे या पिढीचे शिक्षक. जपानभर फिरून ते वर्ग घेत, आणि १९३५ पासून तोक्योच्या कलाशाळेत त्यांनी लाकडी ठशाची चित्रकला शिकवली. त्यांच्याकडे शिकलेल्यांत मुनाकाता शिको (१९०३–१९७५) होते. आओमोरीतल्या लोहाराचा हा मुलगा व्हॅन गॉगच्या ओढीने तोक्योत आला. दृष्टी इतकी अधू, की डोळे फळीला जवळजवळ टेकवून ते झपाट्याने कोरत. बऱ्याच चित्रांत ते कागदाच्या मागून हाताने रंग भरत. तो पुढच्या बाजूला हळुवार झिरपे. १९३९ मध्ये त्यांनी सारिपुत्त, आनंद आदी बुद्धशिष्यांची आणि दोन बोधिसत्त्वांची पूर्णाकृती चित्रमाला कोरली. त्यातील बोधिसत्त्वांच्या दोन फळ्या युद्धात नष्ट झाल्या, त्या त्यांनी १९४८ मध्ये पुन्हा कोरल्या.

युद्धानंतर तोक्योत आलेल्या अमेरिकी अधिकाऱ्यांनी ही चित्रे विकत घ्यायला सुरुवात केली. त्यांच्यातील ऑलिव्हर स्टॅटलर यांनी १९५६ मध्ये या चित्रकारांवर पुस्तक लिहिले. १९५१ च्या साओ पावलो द्वैवार्षिकीत साइतोंना आणि १९५५ मध्ये तिथेच मुनाकातांना पारितोषिक मिळाले. १९५६ मध्ये व्हेनिसमध्येही मुनाकातांचा सर्वोच्च गौरव झाला. तोवर पुरुषांचेच वर्चस्व असलेल्या या क्षेत्रात त्याच वर्षी इवामी रेइका, योशिदा चिझुको आदींनी स्त्री मुद्राचित्रकारांची संघटना उभारली. १९५७ पासून तोक्योत आंतरराष्ट्रीय मुद्राचित्र द्वैवार्षिकी भरू लागली. पुढच्या पिढीने धातू, शिळा आणि रेशमी जाळी अशी अनेक माध्यमे हाताळली. मुद्राचित्र ही चित्रकाराची स्वतंत्र निर्मिती असते, हे तिला नव्याने सिद्ध करावे लागले नाही. ती लढाई आधीच्या पिढीने नोकऱ्या सांभाळत, स्वतःच्या हातांनी जिंकली होती.