'चालत नाही'चे इंग्रजी

मराठी स्वयंपाकघरात एक क्रियापद अहोरात्र राबत असते. ते म्हणजे 'चालणे'. चातुर्मासात कांदा चालत नाही, आज एकादशी म्हणून भात चालत नाही, आजोबांना गोड चालत नाही आणि धाकट्या बाळूला शेंगदाणे चालत नाहीत. चारही वाक्ये घरात बिनचूक कळतात, कारण प्रत्येक 'चालत नाही'मागचे कारण घरच्यांना पाठ असते. उंबऱ्याबाहेर तेच इंग्रजीत सांगायची वेळ आली, की मात्र पंचाईत!

ती वेळ आमच्या मारुंजीत रोज येते. मुळशी हा मुळात भातशेतीचा तालुका. पण शेजारी हिंजवडीचे आयटी पार्क उभे राहिले आणि शेतांच्या बाजूला उंच इमारती आल्या. आमच्या मजल्यावर एक बिऱ्हाड केरळचे, एक बंगालचे. वाटी इकडून तिकडे जाते, ती इंग्रजीच्या आधाराने. मी मराठीचा प्राध्यापक. तरी 'सर, एवढे जेवणापुरते इंग्रजी शिकवाच,' असा शेजारच्या वहिनींचा आग्रह झाला.

या मंडळींना इंग्रजी अगदीच परके नाही. 2000 साली प्रा. रामकृष्ण मोरे (आमच्या पिंपरी-चिंचवड भागातलेच) शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. या वहिनी त्याआधीच्या, पाचवीपासून शिकलेल्या. काळांची नावे त्यांना घडाघडा येतात. अडते ते दारात.

अडण्याचे कारण असे, की 'मी अंडे खात नाही' या आपल्या वाक्यात कधीच न खाणे आणि आत्ता न खाणे दोन्ही मावतात. फारच वाटले तर आपण 'खात नाहीये' म्हणतो. इंग्रजीला एवढी ढिलाई खपत नाही. तेथे आधी मनाशी ठरवावे लागते: ही माझी रीत आहे, आजचा अपवाद आहे, की मला बाधते?

रीत असेल तर साधा वर्तमानकाळ: 'आय डोन्ट ईट एग्ज.' हे ऐकून शेजारीण पुन्हा अंड्याचा आग्रह करणार नाही. आजचा अपवाद असेल तर अपूर्ण वर्तमानकाळ: 'आय ॲम नॉट ईटिंग राइस टुडे.' आपला उपवास समजावायला याहून सोपे वाक्य नाही. नुसते 'आय ॲम फास्टिंग' म्हणून पुढ्यात साबुदाण्याच्या खिचडीची बशी घेतली, तर समोरची व्यक्ती चकित होणारच. कारण इंग्रजीतला उपवास बहुधा निराहार असतो! उलट रोजच्या शाकाहाराबद्दल 'आय ॲम नॉट ईटिंग मीट' म्हटले, तर ऐकणाऱ्याला वाटते, सध्या सोडले असेल. पुढच्या महिन्यात बोलावू.

तिसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. एका वहिनींच्या मुलाला शेंगदाणा खाल्ला की ओठ सुजतात, श्वास लागतो. शाळेतल्या नव्या बाईंना त्यांनी सांगितले, 'ही इज नॉट ईटिंग पीनट्स.' बाईंना वाटले, मुलगा नखरे करतो. त्यांनी मायेने समजूत घालून चिक्कीचा तुकडा पुढे केला. सुदैवाने मुलानेच हात मागे घेतला. तेथे हवे होते: 'ही कान्ट ईट पीनट्स. ही इज ॲलर्जिक टु देम.' एका 'कान्ट'वर केवढा भार असतो, ते त्या दिवशी आम्हा सर्वांनाच कळले. ज्याला असा त्रास आहे, त्याच्या आईने ही दोन वाक्ये आपल्या नावापत्त्यासारखी पाठ करावीत.

बाकीचे व्याकरण त्यामानाने हलके. 'मला आंबा आवडतो' यात क्रियापद आंब्याच्या मागे जाते. 'मला आंबे आवडतात' म्हटले, की तेही बदलते. इंग्रजीत कर्तेपण खाणाऱ्याकडे: 'आय लाइक मँगोज.' आपल्याला भूक 'लागते', जणू बाहेरून येऊन धडकते. इंग्रज स्वतःच भुकेला असतो: 'आय ॲम हंग्री.' मोजता येते ते 'अ फ्यू', न मोजता येते ते 'अ लिटल'. म्हणून चकल्या अ फ्यू आणि भात अ लिटल. भाताची गंमत निराळीच. शेतात भात, पोत्यात तांदूळ आणि ताटात पुन्हा भात, असा आपला प्रवास. इंग्रजीत शेतात पॅडी, पुढे पोत्यात आणि ताटात मात्र राइसच. आणि आग्रह आवरायचा असेल, तर नुसते 'नो, नो' ऐकायला रुक्ष वाटते. 'आय हॅव ऑलरेडी ईटन, थँक यू' म्हणावे. म्हणजे आपले 'माझे आत्ताच झाले हो!'

तर वाचकहो, या दिवाळीत फराळाची ताटे शेजारी जातील. चिवड्यात शेंगदाणे असतात, करंजीत खोबरे, लाडवांत काजू. परप्रांतीय शेजाऱ्याकडे ताट नेण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारा: 'इज देअर एनीथिंग यू कान्ट ईट?' त्याच्या घरी काय चालत नाही, हे आपल्याला पाठ नसते. विचारूनच घ्यावे लागते. उच्चार थोडा इकडेतिकडे झाला, तरी खुशाल चालेल!