पनामातलं जहाज आंजीतून पाहायचं तर

आंजी (मोठी) हे वर्धा–आर्वी रस्त्यावरचं गाव. समुद्र इथून फार लांब. तरी हॉटेल मॅनेजमेंट करून क्रूझ जहाजावर नोकरीला लागलेली पोरं आता विदर्भातल्या गावांतूनही आहेत. ‘उद्या आमचं जहाज पनामा कालव्यातून जाणार, तिथल्या थेट कॅमेऱ्यात बघा’ असा व्हॉट्सॲपवर निरोप आला की अख्खं घर मोबाइलभोवती जमतं. कालवा दिसतो, मालवाहू जहाजंही दिसतात, फक्त आपल्या पोराचं दिसत नाही. ‘यात तं नुसते डब्बेवालेच जहाज दिसते,’ म्हणून आजी उठून जाते. जहाज मात्र वेळेवर येऊन गेलेलं असतं. ते हुकतं ते काही पक्क्या बसलेल्या गैरसमजांमुळे, आणि हे गैरसमज दूर करणं अवघड नाही.

सगळ्यात जास्त फसवते ती तारीख. पनामाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे आणि ते वर्षभर तसंच राहतं. अमेरिकेसारखं उन्हाळ्यात तासाने पुढे सरकत नाही. जहाजाच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘पनामा कालवा, सकाळी 5’ लिहिलेलं असतं तेव्हा आंजीत दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. लोक पहाटे पाचला उठून बसतात, तेव्हा पनामात आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. अटलांटिककडून पॅसिफिककडे निघालेलं क्रूझ जहाज साधारण सकाळी सहा ते आठच्या दरम्यान पहिल्या जलपाशात, म्हणजे मोठमोठ्या दारांच्या हौदात शिरतं. आपल्याकडे ती संध्याकाळची साडेचार ते साडेसहाची वेळ. पूर्ण पार व्हायला आठ ते दहा तास लागतात. त्यामुळे पॅसिफिककडच्या जलपाशापर्यंत ते पोहोचतं तेव्हा इथे मध्यरात्र उलटून तारीख बदललेली असते. उलट्या दिशेने येणारं जहाज पॅसिफिककडे संध्याकाळी दिसेल आणि अटलांटिककडे मध्यरात्रीनंतर. म्हणून पोराला आधी एवढंच विचारा: कोणत्या समुद्रातून कोणत्या समुद्रात जाणार? नुसती तारीख विचारून भागत नाही.

दिशेबाबत आणखी एक गोंधळ होतो. पॅसिफिक महासागर नकाशात पश्चिमेला, म्हणून जहाज पश्चिमेकडे सरकेल असं वाटतं. प्रत्यक्षात पनामाची भूमी अशी वळलेली आहे की कालव्याचं पॅसिफिककडचं तोंड अटलांटिककडच्या तोंडाच्या आग्नेयेला येतं. मोबाइलच्या नकाशावर जहाजाचा बाण पूर्वेकडे झुकलेला पाहून ‘परत फिरलं वाटते’ असं कोणी म्हणालं, तर त्यांना धीर द्या. ते बरोबर चाललेलं असतं.

आता कॅमेऱ्याचं. ‘मिराफ्लोरेसचा कॅमेरा लावला की सगळी जहाजं दिसतात’ हा समज फार पसरलेला आहे, कारण मिराफ्लोरेसचं नाव सगळ्यात प्रसिद्ध आणि पर्यटकांचं केंद्रही तिथेच. पण 2016 पासून कालव्याला दोन वाटा आहेत. 1914 साली सुरू झालेली जुनी जलपाशं तीन ठिकाणी आहेत: अटलांटिककडे गाटून, पॅसिफिककडे पेद्रो मिगेल आणि मिराफ्लोरेस. त्यांचे हौद 33.5 मीटर रुंद. शेजारी 26 जून 2016 रोजी नवी जलपाशं सुरू झाली, अटलांटिककडे आग्वा क्लारा आणि पॅसिफिककडे कोकोली. त्यांची रुंदी 55 मीटर. कोकोलीतून जाणारं जहाज वेगळ्या खोदलेल्या वाटेने जातं. पेद्रो मिगेल आणि मिराफ्लोरेसच्या हौदांत ते येतच नाही. तुम्ही मिराफ्लोरेसकडे रात्रभर डोळे लावून बसलात तरी तिकडून ते जाणार नाही.

म्हणून जहाजाची रुंदी माहीत हवी. 32.3 मीटरपर्यंत रुंद जहाज जुन्या वाटेने जाऊ शकतं. ‘कोरल प्रिन्सेस’ आणि ‘आयलंड प्रिन्सेस’ ही या मापात बसणारी जहाजं. ‘नॉर्वेजियन ब्लिस’ 41 मीटरहून रुंद आहे. 2018 मध्ये ते पार झालं ते नव्या वाटेनेच. पण अरुंद जहाज जुन्याच वाटेने जाईल असं धरून चालू नका. नव्या जलपाशांतून गेलेलं पहिलं प्रवासी जहाज ‘डिस्ने वंडर’, एप्रिल 2017 मधलं, आणि ते जुन्या हौदातही मावणारं होतं. रुंद जहाजाची वाट ठरलेली असते. अरुंदाची विचारून घ्यावी लागते. विचारायला जमलं नाही तर कालवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरचा सेंटेनियल पुलाचा कॅमेरा लावावा. दोन्ही वाटांची जहाजं त्या पुलाखालून जातात.

जुन्या वाटेचं दृश्य मला जास्त पाहण्यासारखं वाटतं. बत्तीस मीटर रुंदीचं जहाज साडेतेहतीस मीटरच्या हौदात शिरतं, तेव्हा दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन फूट जागा उरते. काठावरच्या रुळांवरून विजेवर चालणारी इंजिनं तारांनी जहाजाला मध्यावर धरून ठेवतात. या इंजिनांना तिथे ‘खेचरं’ म्हणतात. ती जहाज ओढून नेतात हाही गैरसमजच. पुढे जाणं मुख्यतः जहाजाच्या स्वतःच्या यंत्रावर होतं. खेचरांचं काम ते भिंतीला घासू न देण्याचं. नव्या जलपाशांत खेचरं नाहीत, तिथे टग बोटी असतात. कॅमेऱ्यात रुळावरची इंजिनं दिसली की समजा, ही जुनी वाट आहे.

नवी वाट झाली म्हणून कोणतंही जहाज पार होतं असंही नाही. ‘ओएसिस ऑफ द सीज’सारखं अजस्र जहाज नव्या हौदात पाण्यालगतच्या रुंदीने मावेल, पण पाण्यावर त्याची उंची सुमारे 72 मीटर, आणि पॅसिफिककडच्या ‘ब्रिज ऑफ द अमेरिकाज’ या पुलाखाली भरतीला साधारण 61 मीटरच मोकळे राहतात. अडतं ते पुलाशी.

‘दोन समुद्रांच्या पातळीत फरक आहे म्हणून जलपाशं बांधली’ हे वाक्य बहुतेकांच्या मनात शाळेपासून बसलेलं असतं. फरक आहे, पण तो किरकोळ. खरं कारण मधला डोंगर. तो समुद्रपातळीपर्यंत फोडण्याऐवजी चाग्रेस नदीवर धरण बांधून गाटून तलाव केला, आणि जहाजं सुमारे 26 मीटर वर चढवून तलावातून नेऊन पुन्हा उतरवायची असं ठरलं. यात पाणी चढवायला पंप नाहीत. आपल्याकडे धरणाचं पाणी जसं कालव्याचं दार उघडताच उताराने शेतात येतं, तसंच तलावाचं पाणी झडपा उघडल्या की हौदात उतरतं आणि जहाज वर उचललं जातं. प्रत्येक जहाजामागे सुमारे 20 कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. म्हणूनच 2023 मध्ये पाऊस कमी पडला तेव्हा रोजच्या जहाजांची संख्या घटवावी लागली. रांगेत अडकलेल्या जहाजांच्या बातम्या पाहून घरोघरी काळजी पसरली होती, पण क्रूझ जहाजं सहसा आपली वेळ खूप आधी राखून ठेवतात. रांगेत मुख्यतः मालवाहू जहाजं अडकतात.

महाराष्ट्रात अशी जलपाशाची दारं पाहायची तर मुंबईच्या इंदिरा गोदीला आहेत. तिथे मात्र कारण भरती-ओहोटी. आणि सगळ्याच कालव्यांना दारं असतात असंही नाही: सुएझ सपाट आहे, दोन्ही समुद्र थेट जोडलेले. 1931 साली गांधीजी ‘राजपुताना’ जहाजाने गोलमेज परिषदेला गेले ते याच वाटेने. सुएझमध्ये जहाजं तांड्याने निघतात, बहुधा पहाटे. मात्र 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर अनेक क्रूझ कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घातला. सुएझचं नियोजन ताजी माहिती घेऊनच करावं.

जहाजांचा माग दाखवणाऱ्या ॲपबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. भर समुद्रात जहाज नकाशावरून नाहीसं होतं आणि आईच्या पोटात गोळा येतो. घाबरू नये. जहाजाचा संदेश किनाऱ्यावरच्या अँटेनापर्यंत काही डझन मैलच पोहोचतो. त्यापलीकडे तो उपग्रहाने पकडावा लागतो आणि ती सोय बहुतेक ॲपमध्ये पैसे भरणाऱ्यांनाच मिळते. किनारा जवळ आला की जहाज पुन्हा दिसू लागतं. शोधताना नुसतं नाव टाकू नका, एकाच नावाची अनेक जहाजं असतात. सात आकडी आयएमओ क्रमांक टाका, तो जहाजाला जन्मभर एकच असतो. पोहोचण्याची वेळ दिसते ती जहाजावरच्या माणसांनी हाताने भरलेली असते, बदलायची राहूनही जाते. भरवसा जहाजाच्या प्रत्यक्ष जागेवर ठेवा.

पनामातला क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. आपल्याकडे कापूस वेचणीचे दिवस त्यातच येतात, आणि संध्याकाळी वावरातून घरी आल्यावर पनामातली सकाळ आयती सापडते. तिथला पावसाळा मे ते डिसेंबर, सरी बहुधा दुपारनंतर. त्यामुळे सकाळच्या टोकाचा कॅमेरा जास्त स्वच्छ दिसतो.

शेवटी पोराच्या ड्यूटीचं. जहाज दिसलं तरी तो डेकवर असेलच असं नाही. भटारखान्यात शंभर माणसांचा नाश्ता निघत असेल. गाटूनच्या तीन पायऱ्या चढायला दीड-दोन तास जातात, तेवढ्यात त्याला दहा मिनिटांची सुट्टी कधी मिळेल आणि तो कोणत्या बाजूला उभा राहील, हे आदल्या दिवशीच ठरवून घ्या. जहाज तलावापर्यंत जाऊन माघारी फिरणारं असेल, आणि अशा सहली पुष्कळ असतात, तर ते अटलांटिककडच्याच जलपाशातून त्याच दिवशी पुन्हा खाली उतरतं. आपल्या संध्याकाळी हुकलं तर तोच कॅमेरा मध्यरात्रीच्या सुमारास परत लावा.