सेल्फ डिफेन्ससाठी पिस्तूल घ्यायचंय? आधी हे नीट समजून घ्या

आजचा विषय मोबाईल किंवा अ‍ॅपचा नाही, पण त्याची सुरुवात मोबाईलवरच झाली.

माझा मावसभाऊ खामगावच्या बाजारात आडतीचं छोटं काम करतो. कापूस-सोयाबीनच्या हंगामात संध्याकाळी रोख रक्कम घेऊन मोटरसायकलवर बुलढाण्याला परततो. मध्ये बोथ्याचा घाट आणि ज्ञानगंगा अभयारण्य. रस्ता सामसूम, काही ठिकाणी रेंजही गायब. एकदा दोन गाड्या बराच वेळ त्याच्या मागे राहिल्या. झालं काहीच नाही, पण तो घाबरला. त्या रात्री त्याचा मला फोन आला, "भाऊ, कोणतं पिस्तूल घेऊ? ऐन टायमाले अडकाले नाई पायजे."

सोबत इन्स्टाग्रामच्या एका रीलचा स्क्रीनशॉट. चकचकीत पिस्तूल, "ऑल इंडिया डिलिव्हरी", आणि बुकिंगसाठी २,५०० रुपये यूपीआयवर.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, बंदुकीतला तज्ज्ञ नाही. पण "ऐन वेळी बंद पडणार नाही अशी वस्तू कोणती" हा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न आहे. म्हणून मी कायदा आणि मशीन, दोन्ही बाजूंनी वाचून काढलं. तेच इथे सोप्या भाषेत देतोय.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे नक्की काय?

सिनेमामुळे आपला एक गैरसमज असतो की ऑटोमॅटिक म्हणजे धडधड गोळ्या सुटणं. ते फुल ऑटोमॅटिक. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये एकदा ट्रिगर दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढची गोळी आपोआप जागेवर येते. दुसऱ्या गोळीसाठी ट्रिगर सोडून पुन्हा दाबायचा.

हे कसं होतं? गोळी सुटली की त्याच स्फोटाचा धक्का पिस्तुलाचा वरचा भाग, म्हणजे स्लाईड, मागे ढकलतो. स्लाईड मागे जाताना रिकामं काडतूस ओढून बाहेर फेकते आणि हॅमर किंवा स्ट्रायकर पुन्हा तयार करते. मग स्प्रिंग स्लाईडला पुढे आणते आणि पुढे येताना ती मॅगझिनमधलं नवं काडतूस बॅरलमध्ये ढकलते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

प्रोग्रामरच्या भाषेत हा एक लूप आहे: भरणे, फायर, ओढणे, फेकणे, परत भरणे. यातली एक पायरी चुकली की लूप अडकला. पिस्तूल "जाम" होणं म्हणजे हेच.

मग भारतात कोणतं मिळतं?

इथे बऱ्याच जणांची पहिली निराशा होते. यूट्यूबवर दिसणारी ग्लॉकसारखी ९ एमएम पिस्तुलं सामान्य नागरिकाच्या परवान्यावर मिळत नाहीत. लष्कर आणि पोलिसांची ९ एमएम गोळी ज्यात चालते ती हत्यारं आपल्याकडे प्रतिबंधित गटात आहेत. सेमी-ऑटोमॅटिक रायफलचंही तसंच. परदेशी पिस्तूल दुकानदाराने आयात करून तुम्हाला विकणंही कित्येक दशकांपासून बंद आहे. म्हणून जुन्या परदेशी पिस्तुलांच्या किमती ऐकून डोळे पांढरे होतात.

व्यवहारात उरतं ते मुख्यतः .३२ बोअर. सरकारी कारखान्यांचं 'अशनी' हे .३२ पिस्तूल याच गटातलं. रिव्हॉल्व्हरमध्ये .३२ बोअरचंच 'निर्भीक' आहे. २०१४ मध्ये ते महिलांसाठी म्हणून बाजारात आलं, वजन साधारण अर्धा किलो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर दोन्ही .३२ असले तरी काडतूस वेगळं असतं. पिस्तुलाचं ७.६५ × १७ मिलिमीटर, रिव्हॉल्व्हरचं ७.६५ × २३. एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

यातलं पिस्तुलाचं काडतूस आहे १८९९ सालचं, जॉन ब्राउनिंग या अमेरिकन डिझायनरचं. गोळीचं वजन साडेचार-पाच ग्रॅम आणि ताकद २०० ज्यूलच्या आसपास. म्हणजे हे काही जादूचं अस्त्र नाही.

भरवशाचं हत्यार कसं ओळखायचं?

कायदेशीर परवाना असलेल्या माणसाने हे मुद्दे बघावेत:

१) मॅगझिन. पिस्तूल जाम होण्याचं नेहमीचं कारण. पत्र्याच्या वरच्या कडा वाकल्या किंवा स्प्रिंग मऊ पडली की काडतूस तिरकं वर येतं. त्यातून .३२ च्या काडतुसाला मागे थोडी बाहेर आलेली कड असते. काडतुसं मॅगझिनमध्ये चुकीच्या क्रमाने बसली तर एकाची कड दुसऱ्याच्या कडेमागे अडकते.

२) काडतूस. दमट कपाटात वर्षानुवर्षं पडलेली काडतुसं दगा देतात. आपल्या शेजारी जळगाव जिल्ह्यात वरणगावला आणि पुण्यात खडकीला दारूगोळ्याचे मोठे सरकारी कारखाने आहेत. वरणगावचा माल मुख्यतः सैन्यासाठी. जुन्या देशी काडतुसांच्या बुडावर दिसणारी 'केएफ' ही अक्षरं खडकीची.

३) पकड. हात ढिला असेल तर स्लाईडला पूर्ण मागे जायला आधार मिळत नाही आणि चांगलं पिस्तूलही अडकतं. म्हणजे "बिघाड" कधीकधी मशीनमध्ये नसून आपल्या मनगटात असतो.

४) प्रूफ टेस्ट आणि नंबर. कायदेशीर हत्याराची बॅरल नेहमीपेक्षा जास्त दाबाच्या काडतुसाने तपासलेली असते आणि त्यावर कंपनीचं नाव आणि नंबर कोरलेला असतो.

५) पिस्तूल की रिव्हॉल्व्हर? रिव्हॉल्व्हरमध्ये एखादी गोळी फुटली नाही तर ट्रिगर पुन्हा दाबला की पुढची गोळी समोर येते. पिस्तुलात स्लाईड हाताने ओढून ती गोळी काढावी लागते. नियमित सराव नसलेल्या माणसासाठी रिव्हॉल्व्हर सोपं. पिस्तूल चपटं असतं आणि पटकन भरता येतं, पण ते सराव मागतं.

सगळ्यात महत्त्वाचं: मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही. एक गोळी बॅरलमध्ये राहिलेली असू शकते. "रिकामं होतं" असं समजून घरातल्याच कुणाला तरी गोळी लागते, ती अनेकदा याच चुकीने.

गावठी कट्टा: स्वस्त आणि सर्वात महाग

आपला जिल्हा सातपुड्याला लागून. पलीकडे मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर-खरगोन पट्ट्यातून येणाऱ्या गावठी पिस्तुलांच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. दिसायला ती हुबेहूब असतात. पण पोलाद कोणत्या प्रतीचं, त्याला उष्णता-प्रक्रिया नीट दिली का, दाब सहन होतो का, यातलं काहीच तपासलेलं नसतं. बॅरल फुटली तर पहिला जखमी चालवणाराच. जो माणूस "अडकाले नाई पायजे" म्हणतोय, त्याच्यासाठी याहून वाईट निवड नाही.

आणि कायदा? शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. विनापरवाना बंदूक नुसती जवळ सापडली तरी किमान २ वर्षं आणि ५ वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. बेकायदा बनवणाऱ्या-विकणाऱ्याला किमान ७ वर्षं ते जन्मठेप. लग्नात किंवा वरातीत हवेत गोळी झाडून लोकांचा जीव धोक्यात घातला तर परवाना असला तरी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कट्ट्यासोबत फोटो काढून स्टेटस ठेवणाऱ्यांनी समजून घ्या, तो स्टेटस म्हणजे स्वतःविरुद्ध दिलेला पुरावा आहे.

इन्स्टाग्रामवर पिस्तूल विकत मिळतं का?

नाही. भारतात बंदूक कायदेशीरपणे फक्त तुमच्या परवान्यावर नोंद करूनच मिळते. कुरिअरने घरपोच पिस्तूल ही कायदेशीर गोष्टच नाही.

मग त्या रीलमागे काय असतं? एक तर खरंच बेकायदा माल, किंवा शुद्ध फसवणूक. फसवणुकीची पद्धत ठरलेली. आधी बुकिंगचे पैसे, मग "ट्रान्सपोर्ट"चे, मग "चेकपोस्ट"चे. तुम्ही थांबलात की धमकी: "तुझे चॅट पोलिसांना पाठवतो." घाबरून माणूस तक्रारही करत नाही. असं झालं असेल तर आणखी पैसे पाठवू नका. स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाईनवर कळवा.

परवान्याचा खरा रस्ता

- वय किमान २१ वर्षं.
- अर्ज गृह मंत्रालयाच्या एनडाल-अलिस या पोर्टलवर ऑनलाईन भरता येतो. आपल्याकडे निर्णय जिल्हाधिकारी कार्यालय, बुलढाणा इथे होतो. कारण जिल्हादंडाधिकारी हेच परवाना देणारे अधिकारी.
- पोलीस चौकशी होते. गुन्हे, वागणूक आणि धोका खरा आहे का, हे पाहिलं जातं. "मला भीती वाटते" एवढं पुरत नाही. धमकीची तक्रार, रोख वाहतुकीचं स्वरूप असं काही कागदावर असावं लागतं.
- वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षिततेचं प्रशिक्षण लागतं. घरी सुरक्षित ठेवण्याची हमीही द्यावी लागते.
- परवाना मिळाला की एक युनिक नंबर मिळतो. मुदत ५ वर्षं. एका माणसाला जास्तीत जास्त २ बंदुका.
- निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलीस सांगतील तेव्हा हत्यार जमा करावं लागतं.

आजोबांची बंदूक घरात आहे म्हणून ती आपली होत नाही. वारसालाही स्वतःचा परवाना लागतो. पीक राखणीसाठी बंदूक मागणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या: बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारायची परवानगी नाही. त्यासाठी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार वेगळी परवानगी लागते. एअरगनलाही सरसकट सूट नाही. बोअर .१७७ पेक्षा मोठा किंवा ताकद २० ज्यूलपेक्षा जास्त असेल तर परवाना हवाच.

गोळी झाडल्यानंतर काय?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जिवाला खरा धोका असेल तर समोरच्याचा जीव गेला तरी हा हक्क तुम्हाला वाचवू शकतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तिथे हा हक्क चालत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत झाडलेली गोळी कोर्टात स्वसंरक्षण म्हणून टिकवणं फार अवघड आहे.

खिशातलं हत्यार आधी तयार करा

भावाला मी हिशोब करून दाखवला. तो मोटरसायकलवर. दोन्ही हात हँडलवर, पिस्तूल जॅकेटच्या आत, डोक्यावर हेल्मेट. मागून कुणी लाथ मारून गाडी पाडली तर पिस्तूल बाहेर कधी काढणार? उलट पैशासोबत पिस्तूलही चोराच्या हातात जाणार.

मग आम्ही त्याच्या फोनमध्ये हे केलं:

- ११२: पोलीस, अ‍ॅम्ब्युलन्स, अग्निशमन, सगळ्यांसाठी एकच नंबर. ११२ इंडिया अ‍ॅप टाकलं. २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये पॅनिक बटण असणं बंधनकारक आहे. स्मार्टफोनमध्ये पॉवर बटण पटापट तीनदा दाबायचं, अनेक अँड्रॉइड फोनमध्ये पाचदा. तुमच्या फोनची सेटिंग आजच तपासा.
- रेंज: तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून ११२ लागू शकतो. पण कोणताच टॉवर नसेल तर नाही. म्हणून घाटात शिरण्याआधी गुगल मॅप्सवर घरच्यांना लाईव्ह लोकेशन, आणि "पाऊण तासात फोन नाही आला तर बघा" असा निरोप.
- रोख: सगळ्यात मोठा बदल हाच. शक्य तितके व्यवहार त्याने बँकेतून सुरू केले. उरलेली रक्कम दुसऱ्या दिवशी उजेडात, सोबत कुणाला तरी घेऊन.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही म्हणतो, बग दुरुस्त करण्यापेक्षा तो येणारच नाही असं डिझाईन करा. इथे बग होता खिशातली रोख.

परवान्याचा अर्ज करायचा की नाही हे त्याने अजून ठरवलेलं नाही. केला तर रीतसर करेल आणि आधी रेंजवर जाऊन शिकेल. तो त्याचा हक्क आहे. ते २,५०० रुपये मात्र त्याने पाठवले नाहीत. काल घाटाच्या अलीकडून त्याचं लोकेशन आलं आणि चाळीस मिनिटांनी मेसेज: "पोचलो भाऊ."

तुमच्याही ओळखीत कुणी असा स्क्रीनशॉट फिरवत असेल, तर पैसे पाठवायच्या आधी त्याला हा लेख नक्की वाचायला द्या.