शेंदुर्णीचं तोंड कुणीकडे?

नगरपालिका नसलेल्या गावाला जनगणनेत शहर म्हणवून घ्यायचं, तर तीन अटी पुऱ्या कराव्या लागतात: वस्ती किमान 5,000, दर चौरस किलोमीटरला 400 माणसं आणि कमावत्या पुरुषांपैकी 75 टक्के शेतीबाहेर. पहिल्या अटीचं जळगाव जिल्ह्यातल्या मोठ्या गावांना कधीच काही वाटलं नाही. अडवते ती तिसरी. कपाशी आणि केळी सोडून इतके पुरुष जाणार कुठे? पहूरची तर आणखी वेगळी तऱ्हा. पहूर पेठ आणि पहूर कसबे अशा दोन ग्रामपंचायती असल्यामुळे गाव एक, पण शिरगणती दोन खात्यांत.

जामनेर तालुक्यातलं शेंदुर्णी असंच दप्तरी खेडं राहिलेलं बाजाराचं गाव. त्रिविक्रमाचं देवस्थान, कार्तिकातला रथोत्सव आणि त्यापायी मिळालेलं ‘प्रतिपंढरपूर’ हे नाव. पण गावाची घडण समजून घ्यायची, तर देवळाइतकंच स्टेशनाकडेही बघावं लागतं.

1860 च्या दशकात जीआयपी रेल्वेची मोठी लाइन पाचोऱ्यावरून भुसावळकडे गेली आणि शेंदुर्णी बाजूला पडलं. पुढे पन्नासेक वर्षं इथला कापूस बैलगाडीनेच पाचोरा गाठत होता. 1918-19 च्या सुमारास पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी रुळांची लाइन सुरू झाली. तिला सगळे ‘पीजे’ म्हणतात. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा, जामनेर असे 56 किलोमीटर जायला तिला दोन-अडीच तास लागत. पण घाई असलेल्यांसाठी ती नव्हतीच. ती होती टोपली घेऊन बाजाराला निघालेल्या बाईसाठी, शाळकरी पोरांसाठी आणि पाचोऱ्याला मुंबईची गाडी धरायची असलेल्यांसाठी. तालुका जामनेरचा असला, तरी पीजेच्या काळात गावाचं तोंड पाचोऱ्याकडे होतं.

ते वळलं डांबरी सडकेमुळे. एसटी गावोगाव पोचली, मागोमाग काळीपिवळी आणि अ‍ॅपे रिक्षा आल्या. जळगावहून अजिंठ्यामार्गे संभाजीनगरला जाणारा रस्ता पहूरवरून जातो. पहूर गाठलं की जळगाव हाताशी. दवाखाना, कोर्ट, कॉलेज, लग्नाचं कापड, सगळं हळूहळू तिकडे सरकलं. लहान खेड्यांतली माणसं मात्र शेंदुर्णीतच उतरत राहिली, कारण शाळा, कॉलेज आणि बाजार इथे होते. गाव फुगलं ते या उतरणाऱ्यांमुळे, असं माझं मत आहे. जन्ममृत्यूच्या हिशेबातून एवढी वाढ निघत नाही.

राज्याच्या कायद्याची फूटपट्टी जनगणनेपेक्षा सैल. वस्ती 10,000 ते 25,000 आणि चौथाई रोजगार शेतीबाहेर असला की नगरपंचायत होऊ शकते. शेंदुर्णी तालुक्याचं ठिकाण नाही, तरीही ती झाली आणि डिसेंबर 2018 मध्ये पहिली निवडणूक लागली. सरपंच जाऊन नगराध्यक्ष आले. घरपट्टीही आता नगरपंचायतीकडे भरायची, हा बदल लोकांना पदापेक्षा आधी कळला असणार.

गाव कागदोपत्री शहर झालं आणि दीडेक वर्षात त्याची रेल्वे गेली. मार्च 2020 च्या लॉकडाउनमध्ये थांबलेली पीजे पुन्हा धावली नाही. आता तिच्या जागी ब्रॉडगेज आणि ती जामनेरपुढे बोदवडपर्यंत, म्हणजे भुसावळ-नागपूर लाइनला भिडणारी, एकूण 84 किलोमीटर. रेल्वेच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: भुसावळची गर्दी टाळून मालगाड्या काढायची वाट. शेंदुर्णीकरांना मात्र प्रवासी गाडी हवी आहे. जुनी गाडी प्रत्येक गावाला थांबायची, कारण थांबण्यावाचून तिला दुसरं कामच नव्हतं. नव्या लाइनवर शेंदुर्णीला किती गाड्या थांबतात आणि सकाळची पहिली पाचोऱ्याला कितीला पोचते, एवढ्यावर लोकांचं लक्ष राहील.