चिन्ह कुठं बदलतं?

सोलापुरात सात रस्त्याला संगमेश्वर कॉलेज असल्यामुळं संध्याकाळी या भागात गणिताच्या वह्या घेऊन फिरणारी मुलं हमखास दिसतात. इथल्याच एका खोलीत मी बी.एस्सी.च्या मुलांना शिकवतो. बहुपदीचं शून्य शोधायचा तास मला सगळ्यात जवळचा. द्विघाती समीकरणाचं सूत्र मुलांना दहावीपासून पाठ असतं. त्रिघाती समीकरणाचंही सूत्र आहे, पण किचकट. आणि पाचव्या कोटीपासून पुढं बेरीज-गुणाकार आणि मुळं वापरणारं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे आबेल या गणितज्ञानं १८२४ मध्ये दाखवलं. सूत्र संपतं तिथून हा तास सुरू होतो.

फळ्यावर बहुपदी असते: क्षचा घन वजा २क्ष वजा ५. न्यूटननं १६६९ मध्ये हेच उदाहरण सोडवलं होतं. क्षच्या जागी २ ठेवला की किंमत येते उणे १. तीन ठेवला की अधिक १६. बहुपदी संतत असते, तिचा आलेख कुठं तुटत नाही. म्हणून उणेकडून अधिककडं जाताना ती मध्ये कुठंतरी शून्य झालीच पाहिजे. मध्यवर्ती मूल्य प्रमेय ते एवढंच. ऐकताना उघड वाटतं, पण आकृतीचा आधार न घेता ते सिद्ध करायचा पहिला गंभीर प्रयत्न प्रागच्या बोल्झानोनं १८१७ मध्ये केला.

आता २ ते ३ हा इंटरव्हल अर्धा करायचा. २.५ ची किंमत काढायला मुलं संश्लेषक भागाकार वापरतात. शेष सिद्धांतानुसार बाकी हीच किंमत. इथं मी प्रत्येकाच्या वहीत डोकावतो. सहगुणक १, ०, उणे २, उणे ५ असे मांडायचे असतात. वर्गाचं पद दिसत नाही म्हणून कुणी ते शून्य गाळलं, की बाकी उणे ३.७५ येते. खरी किंमत अधिक ५.६२५. चिन्हच उलटतं, पोरगं चुकीचा अर्धा भाग उचलतं आणि तिथून पुढं कितीही नेटकं गणित केलं तरी हाती काही लागत नाही. आकडा थोडा चुकला तर ही पद्धत सांभाळून घेते. चिन्ह चुकलं तर मात्र नाही.

बरोबर चाललं तर २.२५ ला अधिक, २.१२५ ला अधिक, २.०६२५ ला उणे. शून्य आता २.०६२५ आणि २.१२५ च्या मध्ये. दहा वेळा अर्धं केलं की इंटरव्हल हजारांशापेक्षा लहान होतो. न्यूटनची पद्धत याहून फार वेगवान आहे, पण सुरुवात चुकीच्या जागी केली तर ती भरकटू शकते. ही हळू चालते आणि कधी वाट चुकत नाही. मी आधी हीच शिकवतो.

चार दशांश स्थळांपर्यंत उत्तर मागितलं तर कॅल्क्युलेटरवर विसंबायची गरज नाही. २.०९४५ ला किंमत उणे, २.०९४६ ला अधिक. यातलं कुठलं लिहायचं? मधला २.०९४५५ तपासा. तिथंही उणे, म्हणजे शून्य त्याच्या उजवीकडं, उत्तर २.०९४६. आता कुणी विचारलं "कशावरून?", तर मुलाला वही पुढं करता येते.

एका जागी मात्र सगळेच अडखळतात. दोन्ही टोकांना चिन्ह सारखं आलं, की "इथं शून्य नाही" असं मुलं लिहून मोकळी होतात. क्षवर्ग वजा ३क्ष अधिक २ घ्या. ० ला किंमत २, ३ लाही २. आणि मध्ये १ आणि २ ही दोन शून्यं बसलेली. प्रमेय फक्त एकाच दिशेनं बोलतं: चिन्ह बदललं तर शून्य आहेच, नाही बदललं तर काहीच सांगता येत नाही.

परीक्षेला बसणाऱ्यांना माझी विनंती आहे. "बहुपदी संतत आहे" ही ओळ आणि दोन्ही टोकांच्या किमती उत्तराच्या आधी लिहा. त्याशिवाय २.०९४६ हा नुसता आकडा आहे.