लाईट आल्यावर मशीनने काय करायचं?

पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो बोटीवर स्लॉट मशीनची चाकं फिरता फिरता लाईट गेली, तर खेळणाऱ्याच्या पैशाचं काय? अनेक देशांत प्रमाण मानलं जाणारं जीएलआय-११ हे मानक सांगतं, की वीज परत आली की मशीनने जिथे खंड पडला नेमक्या त्याच अवस्थेत परत यायचं. शिल्लक तेवढीच, डावही तोच. महाराष्ट्रावर स्लॉट मशीन असं तपासायची वेळच आली नाही. आपला १९७६चा कॅसिनो कायदा कधी लागू झाला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला.

शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीसारख्या औद्योगिक पट्ट्यात पत्र्याला आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर मात्र लाईट आल्यावर काय करायचं याचं उत्तर उलटं असावं लागतं. लाईट गेली म्हणून कामगार अडकलेला पत्रा काढायला डायमध्ये, म्हणजे साच्यात, हात घालतो. तेवढ्यात लाईट आली आणि मशीन जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू झालं, तर बोटं गेलीच.

हे टाळायची युक्ती साध्या स्टार्टरच्या डबीतच असते. हिरवं बटण दाबलं की कॉन्टॅक्टरची कॉइल चुंबक बनते आणि आतल्या पट्ट्या ओढून धरते. त्यातल्याच एका पट्टीतून ती स्वतःची वीज घेत राहते, म्हणून बटण सोडलं तरी मोटार चालू. लाईट गेली की चुंबक मेला, स्प्रिंगने पट्ट्या सुटल्या. मग लाईट आली तरी कॉइलपर्यंत वाटच उरत नाही. कुणीतरी हिरवं बटण दाबायलाच हवं. ऊसपट्ट्यात विहिरीवरच्या मोटारींना ‘ऑटो’ लावून नेमकी हीच सोय मोडली जाते. त्यापायी लाईट येताच साऱ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपीवर ताण येतो. तरी मी शेतकऱ्याला फार दोष देणार नाही. थ्री फेज रात्री येत असेल तर अंधारात विंचूकाट्यातून विहीर कोण गाठणार? पण तोच ऑटो कडबा कुट्टीच्या मोटारीवर दिसला, तर त्याच दिवशी काढून टाकावा.

दौंडजवळच्या कुरकुंभमध्ये रासायनिक कारखाने आहेत, आणि तिथल्या कामात ‘सगळं बंद’ हे उत्तरही पुरत नाही. उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया लाईट गेली म्हणून थांबत नाही. अशा वेळी थंड पाणी वाहतंच राहिलं पाहिजे आणि कच्चा माल आत जायचा थांबला पाहिजे. म्हणून दाबाच्या हवेवर चालणारे व्हॉल्व्ह निवडताना आतली स्प्रिंग कोणत्या बाजूला ढकलते हे पाहतात. हवेचा दाब गेला की पाण्याचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो, मालाचा मिटतो. धोक्याच्या क्षणी कुणाच्या डोक्यावर किंवा संगणकावर विसंबायचं नाही. काम स्प्रिंगने करायचं.

प्रेस चालवायला दोन हातांनी दाबायची दोन बटणं असतात, त्यांतही असाच विचार आहे. दोन्ही हात बटणांवर असले तर एकही हात डायमध्ये नसणार. पण घाईच्या पाळीत एक बटण काडी खुपसून कायमचं दाबून ठेवणारे हुशार लोक असतातच. म्हणून कडक प्रकारच्या नियंत्रणात दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली तरच मशीन हलतं आणि पुढच्या फेरीआधी दोन्ही सोडावी लागतात. बटण किती लांब हवं याचंही गणित आयएसओ १३८५५ मध्ये आहे. हात सेकंदाला १,६०० मिलिमीटर वेगाने येतो असं धरतात आणि मशीन थांबेपर्यंत तो कापेल त्या अंतरात २५० मिलिमीटर मिळवतात. मशीन थांबायला ०.२ सेकंद लागत असतील, तर बटण डायपासून किमान ५७० मिलिमीटर दूर हवं. ब्रेक झिजला, थांबायला ०.३ सेकंद लागू लागले, तर तेच अंतर ७३० होतं. बटण मात्र तिथेच असतं. ब्रेकची तपासणी हा माझ्या मते सगळ्या कारभारातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

सर्वांत वरच्या ‘पीएल-ई’ दर्जाच्या नियंत्रणात धोकादायक बिघाडाची शक्यता तासाला एक कोटीत एकाहूनही कमी लागते. ती एका तारेवर साधत नाही. दोन वाटा ठेवतात आणि एकीने दुसरीवर नजर ठेवायची. अशा मानकांची सक्ती करणारा यंत्रसुरक्षेचा आदेश केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढला, पण त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली.

जुन्या पिन-क्लच प्रेसला मात्र मध्येच थांबवण्याचा कोणताही उपाय लागू पडत नाही. त्याचा क्लच एकदा अडकला की फेरी पुरी झाल्याशिवाय सुटत नाही. लाल बटण दाबा नाहीतर सेन्सरचा पडदा लावा, घाव खाली येणारच. अशा मशीनवर सेन्सर बसवून मालक निर्धास्त झाला असेल, तर त्याला कुणीतरी फसवलं आहे. तिथे डायभोवती पक्की जाळीच हवी, पत्रा जाईल पण बोट शिरणार नाही एवढ्याच फटीची.