दहा रुपयांचा वायसर

रात्री दोन वाजता आमच्या घरात दोघेच जागे असतात. एक मी आणि दुसरा स्वयंपाकघरातला नळ. नळ नुसता गळत असता तर मी कूस बदलून झोपलो असतो. पण पडलो जन्माचा बँकवाला. आकडा दिसला की बेरीज केल्यावाचून चैन पडत नाही. सेकंदाला एक थेंब. दिवसाचे सेकंद ८६,४००. औषधाच्या ड्रॉपरचे वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर असे धरले, तरी दिवसाला चार लिटर तीनशेवीस मिलिलिटर. वर्षाचे दीड हजार लिटरच्या वर. आणि नळाचा थेंब ड्रॉपरच्या थेंबापेक्षा चांगला गुबगुबीत असतो, हे वेगळेच.

मांजरीत राहणाऱ्या माणसाला ही बेरीज झोपू देत नाही. मांजरी म्हटले की जुन्या माणसांना ‘मांजरी गोटा’ हे भरलेले वांगे आठवते, शेतीतल्या माणसांना द्राक्ष संशोधन केंद्र आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. आम्हा नव्याने आलेल्यांना मात्र टँकर आठवतो. मुळा-मुठेच्या काठचे हे गाव; मांजरी बुद्रुक जून २०२१ च्या अखेरीस पुणे महापालिकेत गेले. आमच्या सोसायटीत बोअरचे पाणी आणि टँकर यांवर संसार चालतो, आणि महिन्याच्या देखभाल खर्चात टँकरचा रकाना सगळ्यांत लठ्ठ असतो. म्हणजे तो थेंब फुकटचा नव्हता. त्याची पावती होती.

प्लंबरला फोन केला. तो म्हणाला, ‘येतो.’ तीन दिवस तो येतच होता. चौथ्या दिवशी पत्नी म्हणाली, ‘अहो, स्टोव्हचा वायसर तुम्हीच बदलायचात ना? मग ह्याला काय शिंगं आहेत?’

गॅस घरोघर येण्यापूर्वी ज्यांनी संसार केला त्यांना हे कळेल. पंपाचा स्टोव्ह हवा धरेनासा झाला की आम्ही त्याचा दांडा उपसून काढत असू. टोकाला चामड्याचा वाटीसारखा वायसर. तो वाळून कडक झालेला असे. त्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब टाकायचे, बोटांनी चोळून कडा पसरायच्या, आणि पुन्हा घालायचा. फारच फाटला तर नवा. नोझल तुंबले तर पत्र्याच्या पट्टीवर बसवलेली पिन असे. हे कुणी शिकवत नसे; घरात वावरता वावरता हाताला लागे. पुढे गॅस आला, पगार वाढला, आणि हात सही करण्यापुरते उरले. चौतीस वर्षे मी इतरांच्या कर्जांची दुरुस्ती केली, पण घरातला एक स्क्रू फिरवला असेल तर शपथ.

नळाचेही स्टोव्हसारखेच निघाले. पहिले काम मेन कॉक बंद करण्याचे. हे लिहायला हास्यास्पद वाटते, पण मी ते विसरलो होतो, आणि नळाचे डोके हातात आले तेव्हा छताला पाणी लागले. मेन कॉक बंद, मग नळ उघडून आतले पाणी जाऊ द्यायचे, सिंकच्या भोकावर फडके टाकायचे. फडके अशासाठी की छोटा स्क्रू हमखास तिथेच उडी मारतो. चावी काढली की खाली नट दिसतो. तो पान्याने डावीकडे फिरवायचा. पान्याच्या दातांखाली कापड धरले तर नळाच्या चकाकीवर ओरखडे येत नाहीत. स्पिंडल बाहेर आले की त्याच्या बुडाशी रबराची चकती असते. माझी झिजून मधोमध खड्डा पडलेली होती. ती खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात गेलो. ‘चार सुती नळाचा वायसर द्या,’ असे म्हटल्यावर दुकानदाराने माझ्याकडे जरा आदराने पाहिले. आठ सुतांचा एक इंच, हा सुतार-गवंड्यांचा हिशेब मला तेव्हा नुकताच कळला होता आणि तो कुठेतरी वापरायचा होता. वायसर दहा रुपयांचा.

आताच्या पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळांत मात्र हा वायसर नसतो. आत सिरॅमिकच्या दोन चकत्यांची डबी असते आणि ती अख्खीच बदलावी लागते. तिचे माप डोळ्यांनी कळत नाही. जुनी काढून दुकानात नेणे हाच उपाय. आणि नळ भिंतीतून पुरता काढलाच, तर आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळताना आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती सुटत जाते. हे मी तीन वेळा नळ बसवून शिकलो.

त्या रात्री दोन वाजता मी एकटाच जागा होतो. इतके शांत वाटले की झोप लागेना.

मीरा रोडला आबिद सुरती यांनी हेच काम २००७ साली व्रतासारखे सुरू केले. ते लेखक, चित्रकार, ‘बहादुर’ या चित्रकथेचे जनक. वयाची सत्तरी ओलांडलेला हा माणूस दर रविवारी एक प्लंबर बरोबर घेऊन इमारतीतल्या घरांची दारे वाजवू लागला: तुमचा नळ गळतो का? फुकट दुरुस्त करून देतो. त्यांच्या उपक्रमाचे नाव ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’. माझ्यासारख्या कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्याला याचा हेवा वाटतो. आपल्या किती पानांनी कुणाच्या घरातले काही गळायचे थांबले असेल, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही.

नळाच्या यशाने मी घरभर फिरू लागलो. बोअरच्या जड पाण्याने शॉवरची भोके बुजली होती. हा पांढरा थर चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. त्याला आंबट सोसत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर भरून ती शॉवरच्या तोंडाला रबराने बांधली, तासाभराने जुन्या दातघासणीने घासले, आणि शॉवर मोकळा झाला. संगमरवरी ओट्यावर मात्र हा प्रयोग करू नये. संगमरवर त्याच जातीचा दगड. त्यालाही आंबट खाते, आणि चकाकी गेली की परत येत नाही.

फ्लशची टाकी आतल्या आत गळते, तिचा आवाजही नसतो. टाकीत चमचाभर खाण्याचा रंग टाकून अर्धा तास कुणी फ्लश ओढू नये. भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या बुडाचे रबर गेले असे समजावे. आमच्या टाकीने गुलाबी कबुली दिली.

कपाटाची बिजागरी सैल होऊन स्क्रू नुसताच फिरत होता. भोकात फेविकॉलमध्ये बुडवलेल्या, गूल काढलेल्या आगकाड्या ठोकल्या, वाळल्यावर बाहेरची टोके कापली आणि स्क्रू पुन्हा बसवला. १९५९ मध्ये फेविकॉल आले. त्याआधीचे सुतार सरस उकळून वापरत आणि त्याचा वास गल्लीभर जाई. न्हाणीघराचे दार पावसाळ्यात फुगून अडत होते. सुतार म्हणाला, रंधा मारू. मी नको म्हटले. पावसात फुगलेले दार तासले तर हिवाळ्यात आकसून फट पडते. कडेला मेणबत्ती चोळली आणि कोरड्या हवेची वाट पाहिली.

इथपर्यंत सगळे ठीक होते. बँकेत मॅनेजरला कर्जमंजुरीची एक मर्यादा असते. त्यापुढची रक्कम वरच्या कचेरीकडे पाठवायची. मर्यादा ओलांडणारा मॅनेजर बहुधा बेइमान नसतो. दोन-चार कर्जे चांगली वसूल झालेली असतात आणि आपल्याला माणसे कळतात असे त्याला वाटू लागलेले असते. अशी प्रकरणे मी तपासली आहेत. माझेही तसेच झाले.

गिझरची तीन पिनांची टॉप काळी पडली होती. नवी आणली. आत तीन वायरी: लाल, काळी, हिरवी. हिरवी आखूड पडत होती. मी ती दुमडून टेप लावून ठेवली आणि उरलेल्या दोन जोडल्या. गिझर चालू झाला, पाणी तापले. अर्थिंग तुटलेले उपकरण अगदी व्यवस्थित चालते, हाच त्यातला दगा.

पाच-सहा आठवड्यांनी पत्नी म्हणाली, ‘आंघोळीच्या वेळी नळाला हात लावला की मुंग्या येतात.’ मी म्हटले, साखर तपासून घेऊ. तपासली. उत्तम होती. डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या ती आठ दिवस घेत होती आणि त्याच नळाखाली आंघोळ करत होती.

मग एकदा ओल्या हाताने मीच नळ धरला.

इलेक्ट्रिशियनने गिझर उघडला. आतल्या कॉइलवर चुन्याचा बोटभर थर, आणि थराखाली ती तापून तडकलेली. वीज पाण्यात आणि सांगाड्यात उतरत होती. तिला जमिनीत जायला जी वाट असते ती मी टेप लावून बंद केली होती. टॉप उघडून त्याने हिरवी वायर पाहिली. कुणी केले, हे विचारले नाही. एवढेच विचारले, ‘काकू बाथरूममध्ये चप्पल घालतात का?’ घालते. घसरायची भीती वाटते म्हणून रबरी स्लिपर घालते. ‘त्या चपलेला हार घाला,’ तो म्हणाला.

त्याने कॉइल बदलली, अर्थिंग जोडले, आणि विजेची गळती ३० मिलिअँपिअरवर गेली की प्रवाह तोडणारा स्विच बोर्डात बसवला. त्यावर चाचणीचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचे. ज्यांच्या जुन्या घरात हा स्विच नाही त्यांनी रंगकाम पुढे ढकलून आधी तो बसवून घ्यावा.

पत्नीला खरे कारण सांगायला मला आठ दिवस लागले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी माळ्यावर गेलेली होती.

पेटी खाली आली ती दिवाळीच्या आधी, खिडकीची कडी निसटली तेव्हा. झाकणाच्या आतल्या बाजूला तिच्या अक्षरात कागद चिकटवला होता: ‘वीज नाही. गॅस नाही. शिडीची तिसरी पायरी शेवटची.’ गॅसच्या नळीला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहणे, आणि नळीवर छापलेली तारीख वाचणे, एवढी सूट पुढे तोंडी मिळाली. वास आला तर शेगडी आणि रेग्युलेटर बंद करून, खिडक्या उघडून, कोणत्याही बटणाला हात न लावता बाहेर यायचे आणि १९०६ ला फोन करायचा, हेही त्या कागदावर तिने नंतर बारीक अक्षरात लिहिले.

गेल्या रविवारी न्हाणीघरातला नळ पुन्हा गळू लागला. वायसर घरात होते. मी आता अर्धा डझन आणून ठेवतो. मेन कॉक बंद करायला गेलो तर तो जागचा हलेना. जड पाण्याने तो चुन्यात बसला होता. दर दोन महिन्यांनी त्याला एकदा बंद-उघड करावे, म्हणजे तो असा धरत नाही, हे मला ठाऊक होते, केले नव्हते. मी मोठा पाना काढला. मागून पत्नी म्हणाली, ‘मोडला तर?’ मोडला तर गच्चीवरची टाकी आमच्या घरात रिकामी झाली असती, तीही टँकरच्या पाण्याने भरलेली.

मी पाना पेटीत ठेवला आणि प्लंबरला फोन केला. तो म्हणाला, ‘येतो.’